बैठकांची वही: १ डिसेंबर ते रथसप्तमी

१ डिसेंबर २०२४, रविवार

शॉपमध्ये प्रत्येक मशीनची एक वही असते, बेल्ट कधी बदलला, बेअरिंग कधी वाजायला लागलं, कुठल्या शिफ्टला बंद पडलं, सगळं त्यात. वीस वर्षं बेळगावच्या उद्यमबागेत दुसऱ्यांच्या स्पिंडलची (मशीनच्या फिरत्या दांड्याची) कुंडली लिहितोय, आज पहिल्यांदा स्वतःची वही काढली. मागच्या आठवड्यात रिपोर्ट आला, एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, ६.१. डॉक्टर म्हणाले बॉर्डरलाइन आहे. मी म्हटलं डॉक्टर, आमचा अख्खा तालुकाच बॉर्डरवर आहे, सत्तर वर्षं होत आली, काय होत नाही. ते हसले नाहीत.

तर वय ४६, वजन ८४, उंची ५ फूट ६ इंच, कंबर ३९ (बायकोनं शिलाईच्या टेपनं मोजली आणि मुद्दाम मोठ्यानं वाचली). प्रकल्प असा की आमच्या वडगावातल्या तालमीत दरवर्षी रथसप्तमीला १०८ सूर्यनमस्कार असतात, यंदा ४ फेब्रुवारीला, म्हणजे ६५ दिवस हातात. मी जाहीर करून टाकलंय की यंदा मी पण.

आज सुरुवात. सूर्यनमस्कार ७ झाले आणि आठव्याला दम इतका लागला की फरशीवरच पडून राहिलो. जोर ४. मग बैठका. शॉपमधला पोरगा, खानापूर तालुक्यातला, आर्मी भरतीची तयारी करतोय, तो शेजारी झपझप मारत होता, त्यानं विचारलं अण्णा तुम्ही पूर्वी किती मारायचात, म्हटलं कॉलेजात असताना ३०० आरामात. आता एवढं बोलल्यावर वीसवर थांबता येतंय का. वीस-वीसचे पाच सेट, १०० मारल्या. घाम, थोडी चक्कर, पण मजा आली. घरी चालत आलो, दोन भाकऱ्या जास्त गेल्या. दुखणं: ० (दहापैकी). उगाच लोक घाबरवतात.

२ डिसेंबर, सोमवार

सकाळी मांड्या जरा ताठ. दुपारी जास्त. संध्याकाळी बाइकवरून उतरताना पाय टांगला तो हवेतच राहिला. दुखणं ४.

३ डिसेंबर, मंगळवार

दुखणं ९. लिहायला बसलोय ते पण खुर्चीत पडून, कारण बसणं म्हणजे शेवटचं एक फूट सोडून देणं.

सकाळची नोंद जशीच्या तशी करतो. आमच्याकडे संडास जुन्या पद्धतीचा. खाली बसताना एका हातानं नळ आणि दुसऱ्या हातानं दाराची कडी धरली, बसलो, आणि मग लक्षात आलं की उठायचं नियोजन केलेलंच नाही. बाहेरून आईनं दोनदा विचारलं बरं आहेस ना रे. शेवटी बादली पालथी घालून तिच्यावर एक टेकू घेतला आणि वर आलो. जिना चढताना एवढं नाही, पण उतरताना प्रत्येक पायरीला आई गं. उलटं उतरून बघितलं, पाठमोरं, शिडीवरून उतरतात तसं, ते बरं जातं. मुलीनं व्हिडिओ काढला.

शॉपमध्ये कूलंटची टाकी बघायला उकिडवा बसलो आणि तिथंच अडकलो. पोरगा धावत आला, "काय करूलालासा ओ अण्णा, सांगायचं न्हवतं काय?" त्याला काहीच झालेलं नाही, तो रोज मारतो ना.

रात्री झोप येत नाही म्हणून वाचत बसलो. आजवर मी पण सगळ्यांना सांगत आलोय की व्यायामानं लॅक्टिक अॅसिड साठतं म्हणून अंग दुखतं. ते चूक आहे. ते अॅसिड म्हणतात ते व्यायाम थांबवल्यावर तास-दीड तासात रक्तातून निघून जातं, आणि माझं दुखणं तर दुसऱ्या दिवशी सुरू झालं. खरं कारण स्नायूच्या बारीक तंतूंना पडलेले सूक्ष्म तडे आणि त्याच्या मागून येणारी सूज. थिओडोर हफ नावाच्या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञानं १९०२ सालीच लिहून ठेवलंय की उशिरा येणारं हे दुखणं स्नायूच्या आत काहीतरी फाटल्यामुळं असावं. साधारण १२ ते २४ तासांनी सुरू होतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिखर गाठतं, मग उतरतं. आणि जास्त नुकसान होतं ते स्नायू लांब होत असताना जोर लावला की, म्हणजे बैठकीत वर येताना नव्हे, खाली जाताना. मांडी वजन पेलत पेलत ताणली जाते ना तेव्हा. म्हणून जिना उतरताना जीव जातो आणि चढताना नाही. हे वाचून दुखणं कमी झालं नाही, पण राग थोडा कमी झाला.

४ डिसेंबर

दुखणं ८. आईनं लसूण-ओवा घालून तेल कढवलं, चोळलं, तेवढ्यापुरतं छान वाटलं. मेडिकलवाला म्हणाला गोळी देतो, नको म्हटलं, उपाशीपोटी कामावर जायचं होतं आणि माझं पित्त जुनं. सगळ्यात फायदा झाला तो चालून. सुरुवातीची पाच मिनिटं लाकडी बाहुल्यासारखा, मग वंगण लागल्यागत पाय सुटतात, दुसऱ्या रेल्वे गेटपर्यंत जाऊन आलो, वीसेक मिनिटं. बसलो की परत ताठ. स्ट्रेचिंग पण केलं, त्यानं काही फरक पडला नाही, आणि वाचलं तर अभ्यास पण तेच सांगतात की आधी करा नाहीतर नंतर करा, या दुखण्यात फारसा फरक पडत नाही.

६ डिसेंबर, शुक्रवार

दुखणं २. संडास विनाबादली. एवढंच.

८ डिसेंबर, रविवार

परत तालमीत. आमची तालीम म्हणजे अर्ध्यात लाल मातीचा हौदा, अर्ध्यात फरशी आणि चार गंजकी डंबेल्स, भिंतीवर मारुती. वस्ताद सत्तरीचे, आता स्वतः काही करत नाहीत, दारात खुर्ची टाकून बसतात आणि सगळं दिसतं त्यांना. मला बघून म्हणाले, "काय गा, चार दिवस कुठं पळाल्तास?" सांगितलं. त्यांना आश्चर्य वाटलं नाही. त्यांच्या काळात नवीन पोराला पहिले आठ दिवस नुसती माती खणायला लावायचे, फावडं आणि हौदा, बैठका बघायच्या पण मारायच्या नाहीत. मग दहा, मग चार-चार दिवसांनी पाच वाढवायच्या. मी म्हटलं मग पैलवान व्हायला किती वर्षं लागायची. म्हणाले, "पैलवान कोण होऊलालाय हितं. उद्या परत याला यायला पायजे, तेवढंच मार."

आज बैठका १० आणि १०. पोरासमोर लाज वाटली खरं. तो बीमवर लटकून पुलअप काढत होता, त्याचं गणित वेगळं, १६०० मीटर साडेपाच मिनिटांत आणि बीम १०, ते जमलं तर पूर्ण मार्क. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर गावातच, त्यामुळं इकडच्या पोरांना लहानपणापासून सकाळी पळणारी रांग दिसते, आणि तेच डोक्यात बसतं.

११ डिसेंबर, बुधवार

कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन सुरू आहे सुवर्णसौधला, त्यामुळं हायवेला पोलीसच पोलीस, घरी यायला पाऊण तास उशीर. तरी गेलो. बैठका १५ + १५. दुखण्याची वाट बघत होतो.

१३ डिसेंबर, शुक्रवार

आलंच नाही! म्हणजे आलं, पण १, फार तर दीड. पहिल्या दिवसाच्या एक तृतीयांश मारल्या म्हणून कमी असणार हे धरलं तरी एवढं कमी अपेक्षित नव्हतं. वाचलं तर याला पण कारण आहे, एकदा स्नायूनं मार खाल्ला की तो दुरुस्त होताना पुढच्या वेळेसाठी तयार होतो, आणि तोच व्यायाम परत केला की दुखणं खूप कमी येतं, काही आठवडे ही सवलत टिकते. नवीन इंजिन पहिले हजार किलोमीटर जपून चालवायचं असतं तसं काहीतरी, पण नेमकं तसं नाही, कारण इंजिनाचं घासलेलं परत भरून येत नाही.

यातून एक गोष्ट वहीत ठळक लिहून ठेवतो, कारण माझ्याच डोक्यात उलटं बसलेलं होतं: दुखलं नाही म्हणजे व्यायाम झाला नाही असं नाही. गेले दोन दिवस मी मांड्या दाबून दाबून बघत होतो, दुखतंय का, नाही दुखत, मग वाया गेलं का. वाया नाही गेलं.

१५ डिसेंबर, रविवार

राजहंसगड. शेजारचे कानडी मास्तर (रिटायर्ड, वय ६६, रोज सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानाला चार फेऱ्या) म्हणाले चला येळ्ळूरला, गडावर जाऊन येऊ. गाडी खाली लावून चढलो. चढताना माझी भात्यासारखी अवस्था, मास्तर आरामात मराठी-कानडी मिसळून गप्पा मारत. त्यांचा एकच नियम, बोलता येईल एवढ्याच वेगानं चालायचं, वाक्य तुटायला लागलं की वेग कमी. माझं वाक्य तर "मास्तर, जरा..." इथंच तुटत होतं. वर महाराजांचा भव्य पुतळा, वारा मस्त, आणि खाली येळ्ळूरची शेतं, भात निघून गेलेलं, मसूर-हरभरा हिरवागार.

उतरताना मात्र मला स्फुरण चढलं. चढण संपली, आता काय, म्हणून लांब लांब ढांगा टाकत धडाधड उतरलो. मास्तर मागून ओरडत होते, "निधान री, निधान! सावकाश उतरा की ओ!" ते तिरके तिरके, छोटी पावलं टाकत, गुडघा थोडा वाकवून आले, दहा मिनिटं उशिरा.

१७ डिसेंबर, मंगळवार

मांड्या ६, पोटऱ्या ५. चढ नव्हे, उतार. आधीच लिहिलं होतं या वहीत ३ तारखेला स्वतःच्या हातानं, की ताणला जाताना मार बसतो, आणि उतरताना प्रत्येक पावलाला मांडी ब्रेकचंच काम करते. लिहिलेलं वाचावं पण लागतं. मास्तर सकाळी चार फेऱ्या मारून गेले, खिडकीतून बघितलं.

२१ डिसेंबर, शनिवार

आता हे वेगळं आहे म्हणून नीट लिहितो. उजवा खांदा. चार दिवसांपासून आहे, वहीत लिहिलं नव्हतं कारण लिहिलं की खरं होतं. सूर्यनमस्कार १८ पर्यंत गेले होते, जोर १२, खूश होतो. पण खांद्याचं दुखणं मांड्यांसारखं नाही. मांड्या दोन्ही बाजूंनी, पसरून, जड जड दुखतात, हालचाल केली की सुटतात. खांदा एकाच जागी, बोट ठेवून दाखवता येईल असा, हात बाजूनं वर नेताना मधेच टोचतो, आणि रात्री त्या कुशीवर झालो की जाग येते. चार दिवसांत उतरायच्या ऐवजी चढला. शॉपमध्ये स्पिंडलचा आवाज बदलला तर मी लगेच मशीन बंद करतो, ऑपरेटरनं "चालतंय की" म्हटलेलं मला चालत नाही. इथं ऑपरेटर मीच.

२३ डिसेंबर, सोमवार

फिजिओकडे गेलो, टिळकवाडीत. तरुण बाई, हात इकडून तिकडून फिरवून बघितला, दाबला, मी दोनदा ओरडलो. म्हणाल्या फाटलेलं काही वाटत नाही, खांद्याच्या वरच्या स्नायूबंधाला त्रास झालाय, एकदम भार वाढला की होतं. स्नायू काही आठवड्यांत तयार होतो, स्नायूबंधाला म्हणजे टेंडनला रक्तपुरवठा कमी, त्याला महिने लागतात. म्हणजे मांडी-छाती म्हणतेय चला वाढवू आणि आतली दोरी अजून तयारच नाही. मी विचारलं मग बंद करू का सगळं. म्हणाल्या बंद नको, कमी करा. जोर भिंतीला हात टेकून मारा, नंतर टेबलाला, नंतर खाली. करताना दुखणं दहापैकी तीनच्या आत पाहिजे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आधीसारखं झालं पाहिजे, नाहीतर आदल्या दिवशीचं जास्त झालं असं समजायचं.

रबर बँड घ्या म्हणाल्या. मी गल्लीतल्या सायकलवाल्याकडून जुनी ट्यूब आणली, फुकट, खिडकीच्या गजाला बांधली. कोपर कमरेला चिकटवून (मधे टॉवेलची घडी), हात बाहेर खेचायचा, सावकाश परत. १५ चे तीन. ट्यूबच्या वासानं सगळी खोली पंक्चरच्या दुकानासारखी झाली. बायकोनं बांधायची जागा बदलायला लावली, आता मागच्या पडवीत.

२६ डिसेंबर, गुरुवार

१९२४ च्या काँग्रेस अधिवेशनाला शंभर वर्षं झाली म्हणून गावभर लाइटिंग. गांधीजी अध्यक्ष झाले ते एकमेव अधिवेशन, आमच्या टिळकवाडीत. संध्याकाळी बायको, मुलगी आणि मी चालत निघालो बघायला, पाच-सहा किलोमीटर सहज झाले, कुठंच काही दुखलं नाही. बायको माझ्या पुढं चालत होती पूर्ण वेळ, साडीत, पायात साधी चप्पल.

घरी येऊन तिनं ही वही चाळली. वाचून म्हणाली, छान लिहिलंय, मी वीस वर्षं खाली बसून फरशी पुसते, माझ्या मांड्यांची वही कुणी काढली नाही. मी म्हटलं बसून दाखव. ती उकिडवी बसली, टाचा पूर्ण जमिनीला, पाठ सरळ, आणि तशीच बसून मुलीशी बोलायला लागली, दोन मिनिटं, तीन मिनिटं. मी तसा बसलो तर टाचा उचलल्या जातात, टाचा टेकवल्या तर मागं पडतो. पडलोच. माझ्या बैठका बिघडतात त्या मांड्यांमुळं कमी आणि घोट्यामुळं जास्त हे मला फिजिओनं नाही सांगितलं, बायकोनं दाखवलं. २० वर्षं खुर्ची आणि स्टूल. उद्यापासून टाचेखाली अर्धा इंचाची फळी ठेवून बैठका, आणि रोज दाराची चौकट धरून दोन मिनिटं नुसतं बसणं.

२७ डिसेंबर

मनमोहनसिंग गेले रात्री. आजची काँग्रेसची सभा रद्द. लाइटिंग बघायला आलेले पाहुणे घरी, व्यायाम नाही.

२ जानेवारी २०२५, गुरुवार

हे लिहायला हात होत नाही, पण लिहितो.

पोरगा काल कामावर आला नव्हता, फोन पण बंद. आज आला, पण चालत कसा होता, दोन्ही मांड्या फुगलेल्या, पँट घट्ट झालेली, गुडघा वाकेना. हसून म्हणाला, "अण्णा, तुमच्यासारखं झालं ओ." एकतीसच्या रात्री भरतीवाल्या पोरांच्या रूमवर पैज लागली होती, वर्ष संपायच्या आत ५०० बैठका. यानं मारल्या. त्याआधी आठवडाभर ताप होता, दोन दिवसच झाले होते बरं होऊन. पाणी फारसं प्यायलेलं नाही. काल दुखतंय म्हणून पेनकिलरच्या तीन गोळ्या घेतल्या.

मी चेष्टा करणारच होतो, पण तो बाथरूममधून बाहेर आला आणि हळूच म्हणाला, लघवी काळ्या चहासारखी व्हायलीय, उन्हानं असेल काय. डिसेंबर-जानेवारीत कसलं ऊन. ३ डिसेंबरच्या रात्री मी हेच वाचलं होतं, शेवटच्या परिच्छेदात, आणि आपल्याला काय म्हणून पुढं गेलो होतो: स्नायू फार मोठ्या प्रमाणात तुटला की त्यातलं मायोग्लोबिन रक्तात येतं, लघवी तपकिरी-काळी होते आणि ते किडनीवर बसतं. साधं दुखणं आणि हे यातला फरक म्हणजे सूज, पाय उचलताच न येण्याइतकी कमजोरी आणि लघवीचा रंग. हे घरी तेल लावून बरं होणारं नाही.

मशीन चालू ठेवून निघालो, गाडीत घातलं, हॉस्पिटलला नेलं. कॅज्युअल्टीत पहिले म्हणाले व्यायामानं अंग दुखणारच, थांबा जरा, लाइन आहे. मी लघवीचा रंग परत सांगितला, मोठ्यानं सांगितला, तेव्हा आतल्या डॉक्टरबाई बाहेर आल्या. सीपीके नावाची रक्ततपासणी, नॉर्मल साधारण दोनशेच्या आत असतं, याचं हजारांत. क्रिएटिनिन अजून ठीक होतं, म्हणजे किडनी सावरलेली. लगेच सलाइन, एकामागून एक, आणि लघवी मोजायला बाटली. पेनकिलर अजिबात द्यायची नाही म्हणाल्या, शरीरात पाणी कमी असताना त्या गोळ्या किडनीला आणखी त्रास देतात.

संध्याकाळी त्याची आई गावाहून आली, एसटीनं, डब्यात भात-आमटी घेऊन. तिला मला काय म्हणायचं कळेना, मलाही. ती म्हणाली, "साहेब, पोरगं तुमचं नाव लई काढतंय. अण्णा कॉलेजात तीनशे मारायचे म्हणतंय."

३ जानेवारी, शुक्रवार

पहिल्या पानावर ३०० लिहिलंय ते खोटं आहे.

कॉलेजात मी एकदाच, गॅदरिंगच्या आधी, १५० च्या आसपास मारल्या होत्या, त्यातल्या शेवटच्या पन्नास अर्ध्याच. दुसऱ्या दिवशी कॉलेज बुडवलं होतं. मग कधीतरी सांगताना दोनशे झाल्या, लग्नात मेव्हण्यांना सांगताना अडीचशे, आणि शॉपमध्ये ३०० आरामात. कुणी मोजायला नव्हतं ना. आज वहीत खोडून बरोबर आकडा लिहिला. त्याला अजून सांगितलेलं नाही.

६ जानेवारी, सोमवार

पोराला डिस्चार्ज. लघवी स्वच्छ, सीपीके उतरतंय, आठवड्यानं परत तपासणी. काही आठवडे कसलाच जोराचा व्यायाम नाही, मग रिपोर्ट बघून चालण्यापासून सुरुवात. त्याचं तोंड उतरलेलं, भरतीचं काय. डॉक्टरबाई म्हणाल्या भरती परत येईल, किडनी नाही. मी आठ दिवस त्याला फक्त इन्स्पेक्शन टेबलला बसवणार, मायक्रोमीटर घेऊन.

माझं: आठवडाभर काही नाही. मन नव्हतं.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

काल भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी, आज तिळगूळ, त्यामुळं साखरेबद्दल आज बोलायचं नाही. वजन ८२.४, कंबर ३८ ला एक बोट कमी. बैठका १५ चे तीन, फळीवर, टाचा टेकून. सूर्यनमस्कार २४, पण अष्टांगाला छाती टेकताना खांदा २ म्हणतो, म्हणून तिथं गुडघे आधी टेकवतो, हळू. जोर अजून टेबलावरच. वस्ताद म्हणतात टेबलाला जोर मारणारा पैलवान पहिल्यांदा बघितला.

सुट्टी घेऊन परत सुरू केलं तरी मांड्या फारशा दुखल्या नाहीत, ती सवलत अजून शिल्लक होती. खाण्यात एवढाच बदल, सकाळी दोन अंडी आणि आठवड्यातून तीनदा हुलग्याचं माडगं नाहीतर उसळ. आईच्या मते सगळा फरक माडग्याचाच.

१९ जानेवारी, रविवार

रात्री दोन वाजेपर्यंत शॉपमध्ये ब्रेकडाऊन. सकाळी उठून नाडी मोजली, एरवी ७२ च्या आसपास, आज ८६. घसा पण खवखवतोय. महिन्यापूर्वी असतो तर घाम काढला की बरं वाटतं म्हणून गेलो असतो. आज परत झोपलो.

२६ जानेवारी, रविवार

सूर्यनमस्कार ३६, बाराचे तीन. खांदा २. औंधच्या राजांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी, शाळाशाळांत सूर्यनमस्कार घालायला लावले असं वस्ताद सांगत होते, त्यांच्या वडिलांच्या वेळी त्या भागात पोरं मोजून घालायची. राजे स्वतः पण रोज घालायचे. १०८ आता नऊ दिवसांत होणार नाहीत हे गणित मला पण येतं. आठवड्याला बारा वाढले तरी ४८.

४ फेब्रुवारी, मंगळवार, रथसप्तमी

पहाटेच तालमीसमोर पंचवीस-तीस जण, थंडी चांगलीच, सतरंज्या टाकलेल्या. बाराची एक फेरी, अशा नऊ. पोरगा पण आला होता, घालायला नाही, परवानगी नाही अजून, त्याला वस्तादांनी वही-पेन देऊन नोंद करायला बसवलं होतं, नाव आणि किती.

तीन फेऱ्या छान गेल्या, सूर्य घरांच्या वर आला. चौथीत एक्केचाळीसाव्याला भुजंगासनातून वर येताना खांद्यानं पहिल्यांदा ३ म्हटलं, पंचेचाळीसला परत ३, तिथंच राहिला, वाढला नाही. अठ्ठेचाळीस पूर्ण केले. पाचवी फेरी सुरू झाली, सगळे ओळीत उभे, नमस्कार जोडलेले, शेजारचा म्हणाला चला की. मी चपला घातल्या आणि बाजूला येऊन पोराशेजारी पायरीवर बसलो. बाकीचे घालत राहिले. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू, कानडी मास्तर त्यातच होते आणि त्यांनी १०८ पूर्ण केले, बोलत बोलत.

पोरानं माझ्या नावापुढं ४८ लिहिले. मग पेन तसंच धरून म्हणाला, "अण्णा, एक विचारू? कॉलेजात खरंच तीनशे मारायचात काय ओ?"

म्हटलं, नाही. एकदाच दीडशे, त्यातल्या पन्नास अर्ध्या, आणि दुसऱ्या दिवशी कॉलेज बुडवलं.

तो माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "मग मी पाचशे मारल्या ते कशाला ओ?" मला काही सुचलं नाही. तेवढ्यात कुणीतरी केशरी दूध आणून दिलं, आम्ही दोघांनी प्यायलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

मांड्या १, खांदा २. जिना कठडा न धरता, सरळ तोंडानं. एचबीएवनसी मार्चमध्ये परत. पोराचा रिपोर्ट नॉर्मल आला, सोमवारपासून त्याला वीस मिनिटं चालायला सांगितलंय, मी येतो म्हटलं बरोबर, दुसऱ्या गेटपर्यंत.